बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? नवी घेण्याआधी हे तपासून पाहा

लक्षणे

किल्ली फिरवली की सेल्फ नुसता ‘टक टक टक’ करतो, इंजिन फिरत नाही, मीटरचे दिवे मंदावतात. जंप केबल लावली की गाडी लगेच सुरू होते आणि दिवसभर काही तक्रार नसते. दोन-तीन दिवसांनी पार्किंगमध्ये पुन्हा तोच प्रकार. सोसायटीतल्या आणि ओळखीतल्या कितीतरी गाड्यांचे हे दुखणे मी शोधून काढले आहे. तक्रार सगळ्यांची एकच असते, पण नीट विचारले तर तऱ्हा वेगळी निघते. म्हणून आधी आपली तऱ्हा ओळखा.

- चालवून बंद केली की तासाभराने सहज सुरू होते, पण रात्रभर किंवा दोन दिवस उभी राहिली की उतरते.
- गाडी चालू असताना मीटरवर बॅटरीचा लाल दिवा लागतो किंवा मंद मिणमिणतो. सिग्नलला थांबल्यावर हेडलाइट मंद होतात, रेस दिली की उजळतात.
- चार्जरवर पूर्ण भरली, गाडीला न जोडता बाजूला ठेवली, तरी दुसऱ्या दिवशी उतरलेलीच.
- कधी सुरू होते, कधी अजिबात नाही. घड्याळ आणि रेडिओची स्टेशने आपोआप पुसली जातात.
- सेल्फ एकदाच ‘टक’ करतो, पण हेडलाइट लख्ख लागलेले असतात. इथे बॅटरी बहुधा ठीक असते. दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या जाड वायरीत असतो.

गच्चीवरची टाकी सकाळी रिकामी सापडली तर आपण तीन गोष्टी पाहतो: टाकीला तडा गेलाय का, पंपाने पाणी चढतेय का, आणि खाली कुणाचा नळ उघडा राहिलाय का. बॅटरीचेही एवढेच तीन प्रश्न. वीज साठत नाही, भरत नाही, की गळते? याचे उत्तर न शोधता नवी बॅटरी बसवली तर काही आठवडे बरे जातात, मग नवी बॅटरीही उतरू लागते. वर ती वारंवार पूर्ण उतरल्यामुळे तिचे आयुष्य कायमचे घटते. माझा आग्रह एवढाच आहे: दुकानात जाण्याआधी मोजा.

काय लागेल

काहीशे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पान्हा, जुना टूथब्रश, खायचा सोडा आणि टॉर्च. हातातली अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ आधी काढून ठेवा. पान्हा एकाच वेळी बॅटरीच्या प्लसला आणि बॉडीला टेकला तर ठिणगी उडते आणि बोट भाजते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून जवळ काडी पेटवायची नाही, सिगारेटही नाही.

पहिले: डोळ्यांनी बघणे, खर्च शून्य

रात्री अंधारात गाडी बंद करा, लॉक करा, पंधरा मिनिटे थांबा आणि चारी बाजूंनी फिरून बघा. मागचे ब्रेक लाइट जळत आहेत का? ब्रेक पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो. त्याला दाबून ठेवणारी प्लास्टिकची किंवा रबरी गोटी उन्हाने कडक होऊन तुटते आणि पाय काढला तरी ब्रेक लाइट चालूच राहतात. पेडलखाली पायपुसण्यावर प्लास्टिकचे तुकडे दिसले तर हेच. सुटा भाग अगदी किरकोळ किमतीचा असतो.

डिकीतला आणि ग्लोव्ह बॉक्समधला दिवा बाहेरून दिसत नाही. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवा, डिकी बंद करा आणि मिनिटभराने काढून बघा. हा ५ वॅटचा दिवा सुमारे ०.४ अँपिअर ओढतो, म्हणजे चोवीस तासांत जवळजवळ १० अँपिअर-तास (बॅटरीतल्या विजेच्या साठ्याचे माप). आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत ३५ अँपिअर-तासांच्या आसपासची बॅटरी असते. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी का सुरू होत नाही, ते या हिशेबातच दिसते.

आता गाडीत कंपनीनंतर काय काय बसवले आहे ते आठवा. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, स्टेपनीखाली लपवलेला अँप्लिफायर, सायरनवाले लॉकिंग, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून ठेवलेले मोबाइलशी जोडणारे यंत्र. हे शेवटचे तर हमखास संशयित, कारण काही गाड्यांत ते इंजिनच्या कॉम्प्युटरला झोपूच देत नाही. एकेक काढून दोन-दोन रात्री गाडी उभी ठेवा. माझ्या अनुभवात गळतीच्या तक्रारी सगळ्यात जास्त इथेच मिटतात, कंपनीच्या मूळ वायरिंगपर्यंत जावेच लागत नाही.

म्युझिक सिस्टिमबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण हा घोळ मी वारंवार पाहिला आहे. बाहेरच्या सेटला दोन प्लस वायरी येतात. पिवळी कायम चालू, आठवण जपण्यासाठी. लाल किल्लीबरोबर चालू-बंद होणारी. बसवणाऱ्याला डॅशबोर्डमागे किल्लीची वायर पटकन सापडली नाही की तो लाल आणि पिवळी एकत्र पिळून टेप मारून देतो. सेट वाजतो, गिऱ्हाईक खूश. पण किल्ली काढली तरी सेट पूर्ण बंद होत नाही, नुसता पडदा काळा होतो. किल्ली काढून सेटचे बटण दाबा. तो चालू झाला आणि चालूच राहिला तर वायरी अशा जोडल्याची शंका घ्या. मात्र काही गाड्यांत दार उघडेपर्यंत सेट मुद्दाम चालू ठेवलेला असतो, तेव्हा दार उघडून-बंद करून पुन्हा बघा.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत किटच्या कॉम्प्युटरची वायरही बॅटरीवरून थेट घेतलेली असते. किट बसवल्यानंतरच तक्रार सुरू झाली असेल तर बसवणाऱ्याकडे आधी जा.

दुसरे: टर्मिनल

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर ती प्रवाह अडवते. मग बॅटरी भरलेली असूनही सेल्फपर्यंत ताकद पोचत नाही, आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारे यंत्र, चांगला असूनही बॅटरी भरत नाही. दोन्हीकडून गैरसमज होतो, म्हणून मोजायला सुरुवात करण्याआधीच हे साफ करायचे. आधी मायनस सोडवा, मग प्लस. जोडताना उलट: आधी प्लस, मग मायनस. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, कोरडे करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. सोड्याचे पाणी सेलच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका, आत गेले तर ते अ‍ॅसिडच मारते.

क्लँप, म्हणजे वायरीची टोकावर बसणारी पकड, हाताने फिरवून बघा. हलला तर सैल आहे, आणि घड्याळ पुसले जाण्याचे कारण बहुधा तेच. मायनसची दुसरी बाजू बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने कसली आहे तिथेही बघा. कोकणात, मुंबईत, समुद्राच्या खाऱ्या हवेत ही जागा आतून गंजते आणि वरून ठीक दिसते.

तिसरे: बॅटरी साठवते का?

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी दार उघडायच्या आधी, शक्यतो बॉनेट आदल्या रात्रीच नुसते टेकवून ठेवून, मीटर २० व्होल्ट डीसीवर लावून बॅटरीच्या दोन टोकांना टेकवा. चालवून आल्याबरोबर मोजलेला आकडा खोटा आशावाद दाखवतो, म्हणून ही रात्रभराची विश्रांती.

१२.६ किंवा वर म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ म्हणजे रिकामी. पूर्ण चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकला तर सहापैकी एक सेल मेला आहे, कारण प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. ती बॅटरी बदलण्यावाचून इलाज नाही.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघा. भरलेल्या बॅटरीचा आकडा सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी थकली आहे. मात्र हीच परीक्षा अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर घेऊ नका. चांगली बॅटरीही नापास होईल. आधी घरच्या चार्जरवर किंवा बॅटरीवाल्याकडे रात्रभर चार्ज करून घ्या. बॅटरीची बरीच दुकाने लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून देतात. ती करून घ्या आणि आकडे कागदावर मागा.

झाकणांची बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा. प्लेटी उघड्या पडलेल्या नकोत. डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाचे, आरओचे किंवा बिसलेरीचे पाणी नाही, आणि अ‍ॅसिड तर मुळीच नाही. मेंटेनन्स-फ्री बॅटरीवरचा हिरवा डोळा एकाच सेलची स्थिती दाखवतो. बाकीच्या पाच सेलबद्दल तो काही सांगत नाही, म्हणून हिरव्यावर विसंबू नये.

बॅटरीचे वय स्टिकरवरच्या किंवा कोरलेल्या तारखेवरून कळते. आपल्या हवेत तीन-चार वर्षे चांगली गेली तर तिने काम केले असे समजावे. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली जी धग असते तिने पाणी उडते आणि आतल्या प्लेटी लवकर गंजतात. लोक बॅटरी डिसेंबरच्या थंडीत गेली असे म्हणतात, पण तिचे नुकसान मे महिन्यात झालेले असते. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिन ऑइल घट्ट होते, त्यामुळे दडलेला अशक्तपणा उघडा पडतो इतकेच.

चौथे: बॅटरी भरते का?

गाडी सुरू करून मीटर पुन्हा त्याच दोन टोकांना लावा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. मग हेडलाइट, एसी, ब्लोअर, मागच्या काचेचा डीफॉगर सगळे चालू करा आणि इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर धरा. आकडा १३.५ च्या आसपास टिकला तर अल्टरनेटर भार पेलतोय. साडेबाराच्या आसपास आणि हळूहळू खाली जात असेल तर तो भरत नाही. सतत १५ च्या वर असेल तर अल्टरनेटरचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी आत उकळते आहे. अशी गाडी लांब नेऊ नका.

एक सावधानता. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत पेट्रोल वाचवण्यासाठी कॉम्प्युटर अल्टरनेटरचा दाब (व्होल्ट) कमी-जास्त करतो. बॅटरी भरलेली असेल तर १२.८ दिसू शकते आणि त्यात दोष काही नाही. हेडलाइट लावून, थोडी रेस देऊन, दोन-तीन मिनिटे बघितल्याशिवाय अल्टरनेटरला दोष देऊ नका.

इंजिन बंद करून अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तपासा. भेगा, चकाकी, ढिलाई, किंवा पावसात सकाळी सुरू करताना ‘चीं’ असा आवाज, यातले काहीही असेल तर पट्टा घसरतो आहे आणि अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही. अल्टरनेटर बदलण्यापेक्षा पट्टा कितीतरी स्वस्त, म्हणून हे आधी.

आणि पूर्वापार सांगितली जाणारी युक्ती, म्हणजे गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘अल्टरनेटर चांगला आहे का’ बघणे, ती आजच्या गाडीत कधीही करू नका. बॅटरी बाजूला झाली की दाब क्षणात उसळतो आणि कॉम्प्युटर जळू शकतो. कुणी मेकॅनिक असे करू लागला तर त्याला थांबवा.

इथे वापराचाही प्रश्न येतो. घर ते भाजी मंडई दोन किलोमीटर, त्यातही पावसाळ्यात वायपर, दिवे, एसी चालू आणि इंजिन बहुतेक वेळ आयडलवर. त्या वेगाला अल्टरनेटर फार कमी देतो. बॅटरी रोज थोडी कमी भरत जाते आणि अपुरी भरलेली राहिली की प्लेटींवर सल्फेटचे कडक थर बसतात. यातला कुठलाही भाग बिघडलेला नसतो. आठवड्यातून एकदा पाऊण-एक तास मोकळ्या रस्त्यावर चालवा, किंवा पार्किंगमध्ये सॉकेट असेल तर छोटा स्वयंचलित चार्जर घ्या. पूर्ण उतरलेली बॅटरी मात्र दहा मिनिटे गाडी नुसती चालू ठेवून भरत नाही. तिला चार्जरवर कित्येक तास लागतातच.

पाचवे: गळती मोजणे

बॅटरी ठीक, चार्जिंग ठीक, तरी उभ्या गाडीत उतरते. मग प्रवाह कुठेतरी जातो आहे. ही तपासणी अवघड नाही, पण धीर लागतो, आणि क्रम चुकला तर मीटर जळतो.

सगळे बंद करा आणि किल्ली गाडीपासून लांब घरात ठेवा. रिमोट जवळ असला तर बटणाने सुरू होणारी गाडी जागी राहू शकते. ड्रायव्हरची काच खाली करून ठेवा. दार उघडे ठेवून त्याच्या कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने दाबा, म्हणजे दार लागले असे गाडीला वाटेल. काम संपल्यावर हँडल ओढून जीभ सोडवायला विसरू नका, नाहीतर दार आपटून कुलूप मोडेल. बॉनेटलाही स्विच असेल तर तोही दाबून ठेवा.

मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला आणि चकती डीसी अँपिअरवर फिरवा. मायनसचा क्लँप सोडवा आणि मीटर बॅटरीचे मायनस टोक व क्लँप यांच्या मध्ये जोडा. यापुढे किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात मारायचा नाही. सेल्फ शंभर अँपिअरच्या वर ओढतो आणि हा मीटर १० चा आहे.

सुरुवातीला आकडा काही अँपिअर दिसेल. घाबरू नका, गाडीतले छोटे कॉम्प्युटर जागे झालेले असतात. ते एकेक करून झोपतात. २० ते ४० मिनिटे लागतात, काही गाड्यांत तासभर. बरेच जण पाचव्या मिनिटाला आकडा वाचून चुकीचा भाग बदलतात. शेवटी स्थिरावलेला आकडाच खरा.

०.०५ अँपिअरपर्यंत ठीक. एवढीही गळती दोन आठवड्यांत १७ अँपिअर-तास खाते, म्हणजे ३५ ची बॅटरी निम्मी होते. म्हणून गणपतीला किंवा मे महिन्यात गाडी मागे ठेवून गावी गेलात आणि तीन आठवड्यांनी ती सुरू झाली नाही, तर गाडीत दोष शोधत बसू नका. जाताना मायनस सोडून ठेवा. फक्त दार साध्या किल्लीने उघडते ना, ते आधी पाहून घ्या.

०.१ च्या वर असेल तर शोध सुरू. फ्यूज बॉक्सचा फोटो काढून ठेवा आणि एकेक फ्यूज उपसत मीटरकडे बघा. ज्या फ्यूजने आकडा धाडकन खाली येतो, त्या फ्यूजवर काय काय चालते ते झाकणावरच्या नकाशात किंवा गाडीच्या पुस्तिकेत सापडते. यापेक्षा चांगली पद्धत अशी की फ्यूज उपसायचाच नाही. बॅटरी नेहमीसारखी जोडून, गाडी झोपल्यावर, मीटर मिलिव्होल्टवर लावून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या धातूच्या टिंबांना टेकवायचा. शून्य आले तर प्रवाह नाही, थोडेही मिलिव्होल्ट आले तर त्यातून प्रवाह वाहतो आहे. यात झोपलेला कॉम्प्युटर पुन्हा जागा होत नाही.

सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरच्या डायोडवर (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागावर) संशय घ्या. त्याची जाड वायर या फ्यूजमधून जात नाही. रात्रभर थंड झालेल्या गाडीत इंजिन गार पण अल्टरनेटरचे अंग कोमट लागले, तर संशय पक्का होतो.

पावसाळ्यात दोन जागा आणखी बघा. पुढच्या काचेखालच्या जाळीत पाने साचली की पाणी आत येते आणि पायाखालच्या गालिच्यात किंवा फ्यूज बॉक्समध्ये मुरते. ओले कनेक्टर थोडा थोडा प्रवाह ओढत राहतात. गालिचा हाताने दाबून बघा. दुसरे म्हणजे उंदीर. पाऊस लागला की ते उबेला इंजिनवर येऊन बसतात आणि वायरींची कातडी सोलतात.

मोजून झाले की लाल पिन लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्ट मोजायला टेकवलात, तर बॅटरी थेट शॉर्ट होते.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

बॅटरी फुगली आहे, सडक्या अंड्यासारखा वास येतो किंवा आतून उकळल्याचा आवाज येतो: हात लावू नका, चार्ज करू नका, जंपही देऊ नका. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी केबलच्या जवळपासही जाऊ नका. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, ते सोडवायचे नाहीत. फ्यूज बदलल्यावर पुन्हा उडतो आहे किंवा वायर जळल्याचा वास येतो, तर मोठा फ्यूज घालून निभावू नका, त्याने आग लागते. गळती एखाद्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचली, किंवा अल्टरनेटर उघडायची वेळ आली, की ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचे. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत वेगळ्या जातीची बॅटरी लागते आणि काही गाड्यांत नवी बॅटरी कॉम्प्युटरला कळवावी लागते. तिथे साधी बॅटरी बसवू नका. वॉरंटीतल्या गाडीची वायर तर कुणालाच कापू देऊ नका.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना ‘बॅटरी उतरते’ एवढेच सांगू नका. रात्रभरानंतरचा व्होल्ट, इंजिन चालू असतानाचा व्होल्ट, गाडी झोपल्यावरची गळती आणि कोणता फ्यूज काढल्यावर ती कमी झाली, हे चार आकडे लिहून द्या. त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसे वाचतात. काम झाल्यावर गळती पुन्हा मोजून दाखवायला सांगा. मग बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, गाडी दोन रात्री उभी ठेवा आणि तिसऱ्या सकाळी मीटर लावा. १२.५ च्या वर आले तर दुरुस्ती झाली. त्याखाली आले तर बॅटरी एका रात्रीसाठी गाडीपासून सोडवून पुन्हा मोजा: सोडवलेली असतानाही घसरली तर बॅटरी बदला, टिकली तर गळती अजून गाडीतच आहे.